हिरवी टिक आली म्हणजे समजलं?

आज शाळेच्या ग्रुपवर नोटीस आलीये. गणिताचे आठवड्यातले दोन तास आता 'ब्लेंडेड', म्हणजे घरी अ‍ॅपवर व्हिडिओ बघायचा, आणि फी अर्थातच आहे तेवढीच. खाली पालकांचे अंगठे आणि नमस्कार! डोकंच सणकलं.

आमचे चिरंजीव सातवीत. मागच्या आठवड्यात लसावि-मसाविचा व्हिडिओ पठ्ठ्याने डबल स्पीडवर बघितला, अ‍ॅपवर हिरवी टिक, शंभर टक्के पूर्ण. दुसऱ्या दिवशी वर्गात "समजलं ना सगळ्यांना?", सगळे "होऽऽ", धडा संपला. रात्री मी विचारलं, एक घंटा दर १२ मिनिटांनी वाजते, दुसरी दर १५ मिनिटांनी, आत्ता एकदम वाजल्या तर परत एकदम कधी वाजतील? म्हणे ३ मिनिटांनी. अरे, १२ मिनिटांनी वाजणारी घंटा ३ मिनिटांत वाजेलच कशी? मसावि बरोबर काढलाय हो त्याने, पण इथे लसावि लागतो हे त्याला कोण सांगणार, ती टिक?

मान्य, २०२० मध्ये मोबाईल नि सह्याद्री वाहिनीवरची अभ्यासाची 'टिलीमिली' मालिका नसती तर पोरं घरी नुसती बसली असती. पण तेव्हा शाळा बंद होत्या. आता बाई समोर असताना कशाला?

आणि लगेच पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या डिसले गुरुजींचं नाव पुढे करू नका. त्यांच्या परितेवाडीच्या शाळेत पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तरी वर्गात गुरुजी होतेच की! यूजीसीने २०२१ मध्ये ४० टक्के ऑनलाइनचा मसुदा काढला तो कॉलेजांसाठी, बारा वर्षांच्या पोरांसाठी नाही.

बाईंवर राग नाहीये खरंच. वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची कामं, पेपर तपासणं, त्या तरी काय करणार. उलट व्हिडिओमुळे फळ्यावर लिहून देण्याचा वेळ वाचला तर तो त्यांना द्या ना, तेवढ्या वेळात दहा पोरांच्या वह्या बघतील, हा '३ मिनिटं' तिथेच सापडला असता! पण शाळा तो वेळ बाईंना देतच नाहीये, त्या तासाला त्यांना दुसऱ्या वर्गावर पाठवतेय. शिक्षक भरायचे नाहीत म्हणून हे सगळं, आणि नाव काय तर ब्लेंडेड.

शनिवारी पालक सभा आहे. मी घंटांचं गणित घेऊन जाणारे आणि एवढंच विचारणारे की व्हिडिओनंतर चुका कोण बघणार आणि कुठल्या तासाला. सातवी ब चे कोण कोण येताय ते कमेंटमध्ये सांगा, अंगठे नकोत.