तळघरातले फोन

आज सकाळी आमच्या व्हिएतनाम ट्रिपच्या ग्रुपवर (ट्रिप संपून दोन महिने झाले, ग्रुप काही संपत नाही) एका काकांनी टाकलंय, सायगॉनच्या (आताचं हो ची मिन्ह सिटी) त्या इंडिपेंडन्स पॅलेसमध्ये दीड तास फुकट गेला, जुन्या खुर्च्या बघायला एवढे पैसे भरले होते का, तेवढ्यात बेन थान मार्केट नीट झालं असतं. खाली अकरा अंगठे. अकरा! माझा चहा गार झाला.

अहो काका, जुन्या खुर्च्या म्हणे! दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचं घर होतं ते. १९६२ मध्ये त्यांच्याच हवाई दलातल्या दोन पायलटांनी आधीच्या वाड्यावर बॉम्ब टाकले, म्हणून तो पाडून हा बांधायला घेतला, आणि ज्या राष्ट्राध्यक्ष दिएमने घेतला तो १९६३ लाच मारला गेला, राहायला मिळालं नंतरच्या राष्ट्राध्यक्ष थिएउला. मग ३० एप्रिल १९७५ ला उत्तर व्हिएतनामचा रणगाडा गेट तोडून आत आला. त्यानंतरही जिंकलेल्यांनी घर पाडलं नाही हो. मेजवानीचं टेबल, माहजोंग खेळायची खोली, गच्चीवरचं हेलिकॉप्टर, ते हत्तीचे पोकळ केलेले पाय (शिसारी आली बघून), सगळं अजून मांडून ठेवलंय. गच्चीवर बॉम्ब पडला (हा १९७५ च्या एप्रिलमधला) तिथे लाल गोल सुद्धा रंगवलेत!

आणि तळघर. आमचे बाबा टेलिफोन खात्यातले, १९७५ ला नाशिकला ट्रंक एक्स्चेंजमध्ये नाइट ड्यूटीला होते. अख्ख्या ट्रिपमध्ये चहाला नावं ठेवण्यापलीकडे माणूस बोलला नव्हता. तळघरात नकाशे, वायरलेसचे सेट, टेबलावर फोन, आणि बाबा दोरीला हात लावून जे उभे राहिले ते हलेचनात. टूर मॅनेजर वरून ओरडतोय, चला चला, पाच मिनिटं. बाबा म्हणाले, "शेवटची रिंग उचलली कुणी असेल?"

बास. एवढंच बोलले.

त्याच वेळी वर आपल्यातलेच एकजण गाइडला विचारत होते की तुम्ही महाराजांकडे बघूनच अमेरिकेला हरवलंत ना? तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फॉरवर्ड. बिचारा गाइड नुसता हसला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. महाराजांना कुणाच्या सर्टिफिकेटची गरज आहे का?

आता मान्य, गाइड सांगतो ती जिंकलेल्यांचीच बाजू, आणि घर ठेवलंय तेही मिरवायला. अंगणातले रणगाडे पण नुसते त्याच मॉडेलचे आहेत, गेटवर आलेले खरे हनोईला. असू देत. पण ठेवलंय तर! आपल्याकडे मंत्र्याला बंगला मिळाला की आधीच्याच्या टाइल्स पहिल्या उखडतात, आणि मग आपण म्हणतो इतिहास जपला पाहिजे. (मुंबईत राजभवनाखाली २०१६ ला सापडलेल्या बंकरचं म्युझियम केलंय, म्हणजे अगदीच काही होत नाही असं नाही.)

ग्रुपवर चांगलंच खरमरीत टाइप केलं होतं, पाठवलं नाही. काका वाईट नाहीत, हनोईला बाबांची बॅग त्यांनीच उचलली होती. आणि सारखे ते दोरीवरचे बाबांचे हात डोळ्यासमोर येतायत. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले या माणसाने, अर्जंट, लाइटनिंग (म्हणजे सगळ्यांत तातडीचे), मयताचे, बारशाचे. थिएउने २१ एप्रिललाच राजीनामा दिला आणि मग देश सोडून गेला, पण खाली ड्यूटीवर असलेला पोरगा? त्याला रिलीव्ह करायला कुणी आलं का? हे बाबांनी हॉटेलवर रात्री विचारलं, लाइट बंद केल्यावर. मी झोपल्याचं सोंग केलं. का केलं कोण जाणे.

आत्ता बाबांना काकांचा मेसेज वाचून दाखवला. म्हटलं बघा, काय लोक असतात. तर म्हणाले, "मार्केट चांगलंच होतं की, तिथली कॉफी बरी होती." आणि मग चष्मा पुसत, "तो फोनचा फोटो जरा मोठा करून आण. मी नसलेला."