‘एका दिवशी एक खोली’च्या नावाने चांगभले

हिवाळा सरल्यावर घराची कसून साफसफाई कशी करावी, हे सांगणाऱ्या प्रत्येक शहाण्याचा पहिला सल्ला ठरलेला असतो: एका दिवशी एकच खोली घ्या, ती पुरती संपवा आणि मगच पुढच्या खोलीकडे वळा. पाच खोल्या, पाच दिवस, आणि सहाव्या दिवशी तुम्ही लखलखीत घरात पाय पसरून बसलेले. हा सल्ला ज्याने प्रथम कागदावर उतरवला, त्याने जन्मात स्वतःच्या हाताने एकही माळा झाडलेला नसावा, अशी माझी आता पक्की खात्री झाली आहे. आज अकरावा दिवस आहे, माझ्या दोन्ही हातांची कातडी सोलवटली आहे आणि पूर्ण झालेल्या खोल्यांची संख्या, प्रामाणिकपणे मोजायची झाल्यास, शून्य आहे.

सुरुवात झोपण्याच्या खोलीपासून करावी, असे त्या सल्ल्यासोबतच्या खोलीवार कामांच्या यादीत होते, म्हणून मी तिच्यापासून केली. कपाट भिंतीपासून पुढे ओढले आणि त्यामागे माणसाच्या उंचीएवढा काळपट-हिरवा पट्टा दिसला. तो तिथे का होता, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. थंडीत आपण खिडक्या गच्च बंद ठेवतो, श्वासातली, आंघोळीची, घरातच वाळत घातलेल्या कपड्यांची सगळी वाफ आतच कोंडते आणि घरातल्या सर्वांत गार पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, तिचे पाणी होऊन बसते. त्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवले असेल, तर मागे वारा खेळत नाही, ओल सुकत नाही आणि बुरशीला आयते घर मिळते. हे सारे मान्य. मग पुढे काय करायचे? बुरशी कोरड्या ब्रशने घासायची नाही, कारण तिचे बीजाणू खोलीभर उधळतात. ती ओल्या फडक्याने टिपायची, ते फडके फेकून द्यायचे आणि भिंत पूर्ण सुकू द्यायची. भिंत सुकायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत कपाट खोलीच्या मध्यभागी उभे, त्यातले कपडे बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर, आणि आम्ही आमच्याच पलंगावर कपाटाला वळसा घालून, अंग चोरून चढणार. पहिल्याच दिवशी पहिल्या खोलीने दुसरीत असे अतिक्रमण केले. ‘ती खोली पुरती संपवा’ म्हणणाऱ्याला भिंती सुकायला वेळ लागतो, हे कुणी सांगितले नव्हते काय?

खरा कळस पुढेच होता. स्वेटर, शाली आणि रजया धुतल्याशिवाय पेटीत ठेवू नयेत, हा सल्ला मात्र सोळा आणे खरा आहे. कसरीच्या अळ्या लोकरीतले केराटिन हे प्रथिन खातात आणि घामाचे किंवा खाण्याचे डाग पडलेल्या कपड्यावर त्यांची विशेष मर्जी असते, त्यामुळे न धुतलेला स्वेटर पेटीत टाकणे म्हणजे त्यांना पान वाढून ठेवणे. गाद्यांवरच्या चादरींचे वेगळेच. त्यांत धुळीतले माइट असतात, हे जीव जेमतेम 0.2 ते 0.3 मिलिमीटरचे असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेवर जगतात आणि गार पाण्याने धुतल्यास बहुतांशी जिवंतच राहतात. त्यांना मारायचे तर पाणी 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. लोकर मात्र त्याच गरम पाण्यात आटून बाहुलीच्या मापाची होते. तेव्हा दोन वेगवेगळ्या खेपा आल्या. पहिली खेप धुवायला टाकणार, तोच लक्षात आले की धुलाई यंत्राच्या दाराचे रबरच काळे पडले आहे, घड्यांमध्ये बुळबुळीत थर साचला आहे आणि त्यातून कुबट वास येतो आहे. अशा यंत्रात कपडे धुणे म्हणजे ते नव्याने मळवणे होय. ते यंत्र आमच्याकडे न्हाणीघरात आहे आणि न्हाणीघर यादीत चौथ्या दिवशी होते! म्हणजे पहिल्या दिवसाचे काम संपवण्यासाठी चौथ्या दिवसाचे काम आधी हवे, आणि चौथ्या दिवसाचे काम करायला जावे तर न्हाणीघराचा ओटा पहिल्या दिवशी काढलेल्या पडद्यांच्या ढिगाखाली गडप. यादी करणाऱ्याने ही साखळी एकदा तरी मनात फिरवून पाहायला हवी होती. तेवढी तसदी त्याने घेतलेली नाही, याचा मला त्या बुरशीपेक्षा जास्त राग येतो.

आता धुळीविषयी. खोल्यांना दारे असतात म्हणून धूळ त्यांच्या आत राहते, असे या मंडळींना मनापासून वाटते. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दोन मीटर खाली उतरायला दहाएक मिनिटे घेतो; पण एक मायक्रॉनचा कण त्याच अंतराला पंधरा-सोळा तास लावतो, आणि घरातली हवा काही स्थिर नसते. मी झोपण्याच्या खोलीतला माळा झाडला, गादी बडवली, पुस्तके आपटली, त्यातली जाड धूळ जमिनीवर आली, ती मी पुसली आणि समाधानाने दिवा मालवला. बारीक धूळ मात्र रात्रभर घरात हिंडत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुकत्याच पुसलेल्या आरशावर बोटाने नाव लिहिता येत होते. व्हॅक्यूम क्लीनर आहे की, असे कुणी म्हणेल. आहे, पण तो साधा आहे, पुढून धूळ ओढतो आणि तिच्यातला सर्वांत बारीक भाग मागून सोडून देतो. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारी हेपा जाळी असेल तर गोष्ट वेगळी. घरभर वरून खाली, म्हणजे आधी सगळ्या खोल्यांची छते, मग सगळ्यांच्या भिंती, मग सामान आणि शेवटी एकदाच सगळ्या लाद्या, असे आडवे काम केले असते तर निदान धुळीपुरते तरी ते शहाणपणाचे ठरले असते. परंतु ‘आज एक खोली पूर्ण झाली’ या वाक्यात जी गोडी आहे, ती ‘आज सगळी छते झाली’ यात नाही, आणि त्या गोडीपायी मी एकच खोली तीनदा पुसली आहे.

स्वयंपाकघराबद्दल बोलायचे तर त्याचे खरे क्षेत्रफळ नकाशावर दाखवतात त्याच्या चौपट असते. तापलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब हवेबरोबर बैठकीच्या खोलीपर्यंत जातात, पंख्याच्या पात्यांवर बसतात, हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होऊन त्यांचा मेणचट चिकटा बनतो आणि त्याच्यावर धूळ बसली की ती फुंकरीने काय, ओल्या फडक्यानेही निघत नाही. बंद खिडक्यांच्या हिवाळ्यात तर हे दुपटीने होते. म्हणजे बैठकीतला पंखा हा स्वयंपाकघराचाच मळ, फक्त पत्ता दुसरा. (जुना उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवून ओढून घेतल्यास धूळ खाली न पडता अभ्र्यातच राहते, ही एक युक्ती तेवढी मी कृतज्ञतेने मान्य करतो. बाकी सगळ्या युक्त्या सांगणाऱ्यांना एकदा शिडीवर चढवावे.) धूर ओढणाऱ्या पंख्याची जाळी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवली, तेव्हा कुठे तिच्यातून पलीकडचे दिसू लागले. फ्रिजच्या दाराच्या रबरात काय काय सापडले, ते मी इथे लिहीत नाही.

न्हाणीघरात तर जीव जायचाच बाकी होता. नळावरचे पांढरे क्षार व्हिनेगरने काढा, असे एका परिच्छेदात. फरशीच्या सांध्यांतली बुरशी ब्लीचने काढा, असे त्याच्याच खालच्या परिच्छेदात. आणि ही दोन्ही कामे एकाच बंदिस्त, विनाखिडकीच्या खोलीत, एकाच दुपारी उरकायची. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. त्यात व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला तर क्लोरामिन. आणि शौचकूप धुण्याच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे वेगळेच. मला हे ठाऊक होते म्हणून मी एका दिवशी एक आणि भरपूर पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी दुसरे असे केले. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही सूचना बाटलीच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेली असते आणि पुढच्या बाजूला मूठभर आकाराच्या अक्षरांत ‘लिंबाचा ताजा सुगंध’ लिहिलेला असतो. त्यातही एक चूक माझ्या हातून झालीच. नळावरचे क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि संगमरवर म्हणजेही तेच. आम्लाला त्यातली घाण कोणती आणि हौसेने बसवलेला कट्टा कोणता, हे कळत नाही. नळ चकाकला, त्याच्याखालच्या संगमरवरी कट्ट्यावर जिथे जिथे व्हिनेगर ओघळले, तिथे तिथे कायमचे निस्तेज चट्टे उमटले.

बैठकीच्या खोलीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, कारण ती अकरा दिवस इतर चारही खोल्यांचे कोठार झाली आहे आणि तिला हात लावायला अजून सवडच मिळालेली नाही. फक्त पडदे धुवायला काढल्यामुळे खिडकीची तावदाने उघडी पडली आणि ती मी भर उन्हात पुसायची घोडचूक केली. साबणाचे पाणी पुसण्याआधीच काचेवर वाळले आणि आता पूर्वीच्या एकसारख्या धुरकट काचेऐवजी ओरखड्यांसारखे पट्टे पाहावे लागत आहेत. त्यावर घरातल्याच एका व्यक्तीने, हातात चहाचा कप घेऊन, कपड्यांच्या ढिगाऱ्यात जागा करून बसत, “हिवाळाभर राहिलोच की आपण, तेव्हा कुठे काय दिसत होते?” असा प्रश्न अत्यंत शांतपणे विचारला. मी उत्तर दिले नाही. माझ्या हातात त्या वेळी खरवडणी होती.

आणि या सगळ्याच्या वर ते खोके. प्रत्येक खोली आवरताना, तिच्यात न शोभणारी वस्तू बाजूच्या खोक्यात टाका आणि शेवटी ज्या त्या खोलीत नेऊन ठेवा, असे यादीत मोठ्या ऐटीत म्हटले होते. त्या खोक्यात सध्या जोडी फुटलेला एक हातमोजा, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या तीन चाव्या, फेकून दिलेल्या कुठल्याशा यंत्राची वायर, अर्धी मेणबत्ती, कपाटाखाली घालायची लाकडी पाचर आणि बंद पडलेला एक तापमापक आहे. मी ते झोपण्याच्या खोलीतून बैठकीत नेले, बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीघराच्या दाराशी, आणि प्रत्येक ठिकाणी त्यात भरच पडत गेली. आज संध्याकाळी कपाट अखेर भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून जागेवर सरकवले, तेव्हा त्याच्या मागे पुरेशी मोकळी जागा राहिल्याचे माझ्या ध्यानात आले. खोके तिथे बरोबर मावते का, हे मी पाहूनही आलो. मावते.