टक्कल पडण्यापूर्वी नकाशा पाहा

केस गळणारच असतील तर कुठे गळू द्यायचे, हे आधी ठरवा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला हे शिकवायला नको. पण आपली जी पोरं नोकरीला इंग्लंडात गेलीत ती भाबडी. साहेबाचा सरकारी दवाखाना सगळ्यांना सारखा, टकलाला विगसुद्धा सारखाच देतो, असं समजतात.

त्यांना कळवा: वेल्स, स्कॉटलंड नाहीतर उत्तर आयर्लंडमध्ये घर घ्या. तिथे सरकारी विग फुकट. इंग्लंडात त्याच विगला पैसे पडतात. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कागलला जातो तसं वेल्समध्ये जायचं, झालं! इंग्लंड सोडवत नसेल तर वयाच्या सोळाव्या वर्षाआधी टक्कल पाडून घ्या, किंवा दवाखान्यात दाखल असताना. पगार तुटपुंजा असेल तरी माफी आहे, फक्त गरिबी कागदावर सिद्ध करा.

आजारही पारखून निवडा. केमोने केस गेले तर शेजारणीसुद्धा डबा घेऊन येतात, आणि उपचार संपले की केस बहुधा परत उगवतात. चाईच्या नादी लागू नका. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते. केस कधी येतात, कधी कायमचे जातात. विगची गरज जन्मभराची, हाती मात्र ‘लसूण चोळून बघ गं’ एवढंच. चाईने कोणी मरत नाही, मग विग कशाला? लग्नात डोक्यावरून पदर घट्ट धरून मागच्या खुर्चीत बसलेल्या पोरीला हे विचारू नका, ती उगाच खरं सांगेल.

बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी मात्र निर्धास्त राहावं. विगच्या वाटपात अन्याय व्हायला आधी वाटप लागतं. आरोग्य कार्ड पुढे करून विग मागा, काउंटरवरच्या पोराची दिवसभराची करमणूक होईल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकाने हरकत घेतली. त्या भांडणात टकलाचा विषय निघाल्याचं निदान माझ्या कानावर नाही.

केसांचा तुटवडा म्हणाल तर तोही नाही. आपल्याच कर्नाटकात, कोप्पळजवळच्या भाग्यनगरात केस निवडून, धुऊन, विंचरून परदेशी पाठवायचा मोठा धंदा आहे. म्हणजे केस जाऊ शकतात, विग येऊ शकत नाही.

पुरुषांनी तर विगचं नावच काढू नये, लोक हसतात. सरळ फेटा बांधावा. एक नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या राज्योत्सवाला आणि आपल्या काळ्या दिनाला, घराबाहेर पडताना त्याचा रंग तेवढा बघून घ्या.