‘पाच मिनिटांचं काम, तेही जमलं नाही’ या शेऱ्याला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा दिलात, आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. बंद ऑफिसातून घेतलेले बारा सेकंडहँड कॉम्प्युटर पासवर्ड काढायला दिलेत, तर त्यातले चार लॅपटॉप लॉक असलेलेच परत केले, डेस्कटॉपमधला जुना डेटा, टॅली, एमएस ऑफिस सगळं उडवलं, बिल मागून ‘चोर असल्यासारखं’ वागवलं, आणि इंदूरच्या जेल रोडवर हेच काम कोणी अर्ध्या पैशांत करून देतोय. भंवरकुआंला तुमच्या क्लासची बॅच तोंडावर आलेली, त्यामुळे चिडचिड कळते. पण बंद पडलेल्या ऑफिसचा लॉट उचलून आमच्याकडे येणाऱ्या तुम्ही काही एकट्या नाही, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

आठ डेस्कटॉप चालू झाले, त्याबद्दल तुमची तक्रार फक्त डेटाची आहे. विंडोजचा पासवर्ड हा डिस्कवरच्या विंडोजचा असतो, मशीनचा नसतो. डिस्क साफ करून विंडोज नव्याने टाकलं की तो गेला. त्यातल्या दोघांना बायोसचाही (विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्राम) पासवर्ड होता, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरूच होऊ देईनात. ऑफिसात चालणाऱ्या ब्रँडेड डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बहुतेक वेळा यासाठी एक जंपर, म्हणजे दोन पिनांवर बसणारी छोटी टोपी, असतो. वीज काढायची, जंपर हलवायचा, पासवर्ड साफ. ही सोय कंपनीनेच ठेवलेली असते, त्यात आमची काही कमाल नाही. आणि हो, विंडोजचे वेगळे पैसे लावले नाहीत, कारण विंडोज ८ च्या काळापासून ब्रँडेड मशीनची लायसन्स की बायोसमध्येच लिहिलेली येते. तीच एडिशन टाकली की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. हे शेऱ्यात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता डेटा. तुमचा भाचा म्हणतो की पेन ड्राइव्हने नुसता पासवर्ड उडवून आतलं सगळं तसंच ठेवता आलं असतं. काही मशीनवर आलं असतं, खोटं कशाला बोलू. घरचा पासवर्ड विसरलेले लोक येतात तेव्हा आम्ही तेच करतो. पण तुमच्या लॉटमधल्या काही डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डिस्क-कुलपाने, बंद होत्या. त्यांना ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती जुन्या कंपनीकडे. की नाही तर डेटा नाही, मग दुकान जेल रोडचं असो की मुंबईचं. उरलेल्या डिस्क उघडल्या असत्या तर आत काय निघालं असतं? त्या ऑफिसातल्या लोकांचे पगार, आधारच्या झेरॉक्स, ग्राहकांच्या याद्या. ते तुमच्या क्लासच्या कॉम्प्युटरवर, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाताखाली? शिवाय अशा मशीनवर जुन्या आयटीवाल्याचं रिमोट सॉफ्टवेअर आणि अ‍ॅडमिन खातं तसंच पडलेलं असू शकतं. सेकंडहँड ऑफिस मशीन साफ केल्याशिवाय मी कोणालाच देत नाही.

टॅलीचं लायसन्स ज्याने विकत घेतलं त्याच्या नावावर असतं, कॉम्प्युटरबरोबर ते विकलं जात नाही. एमएस ऑफिसचंही तसंच. कंपन्यांचं एमएस ऑफिस बरेचदा त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असतं आणि १८० दिवसांत त्या सर्व्हरशी बोलणं झालं नाही तर लायसन्सची सूचना झळकायला लागते. म्हणजे ऐन परीक्षेच्या मोसमात तुम्ही परत माझ्याच दारात, आणि तेव्हा शेरा आणखी तिखट. काम घेताना जॉब शीटवर ‘जुना डेटा व सॉफ्टवेअर जाणार’ असं लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे. कॉपी दुकानात आहे, केव्हाही बघा.

खरा वाद चार लॅपटॉपचा.

त्यातल्या तिघांवर आम्ही विंडोज टाकलं, अगदी नवं. इंटरनेट लावताच स्क्रीनवर एका कंपनीचं नाव आलं आणि त्या कंपनीचा ईमेल मागितला. तुम्ही काउंटरवर उभ्या होतात, तुम्हाला दाखवलं. याला ऑटोपायलट म्हणतात. कंपनी लॅपटॉपची हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवून ठेवते. डिस्क फॉरमॅट करा, डिस्कच बदला, नोंद तिकडे आहे, इथे नाही. ती काढू शकतो तो त्या कंपनीचा आयटी विभाग. इंटरनेट न लावता विंडोज सुरू करायची युक्ती आहे, भाच्याची ‘पाच मिनिटं’ ती हीच असणार. त्याने काम भागतं, अगदी महिनोन्‌महिने भागतं. मग कोणीतरी विंडोज रिसेट करतं आणि त्याच कंपनीचं नाव परत हजर. अशा लॅपटॉपवर आमचं स्टिकर लावून, पैसे घेऊन ‘झालं’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

चौथा चालू करताच बायोसचा पासवर्ड मागतो. डेस्कटॉपवर चाललं ते इथे चालत नाही. ऑफिस दर्जाच्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड अशा चिपमध्ये असतो की मदरबोर्डवरचा सेल काढून ठेवला तरी पुसला जात नाही. काही कंपन्यांचं अधिकृत म्हणणं तर असं की सुपरवायझर पासवर्ड (बायोसचा मुख्य पासवर्ड) हरवला तर मदरबोर्ड बदला. काही कंपन्या मालकीचा पुरावा आणि सिरीयल नंबर दिला तर मदत करतात. चिपमधला मजकूर नव्याने लिहायचं यंत्र, प्रोग्रामर, आमच्या टेबलावरच आहे, मेलेले बायोस आम्ही त्यावरच जिवंत करतो. म्हणजे जमत नाही असं नाही. पण ते यंत्र हातात घ्यायच्या आधी लॅपटॉप कोणाचा, हे मला कागदावर दिसायला हवं.

बिल मागितलं ते याचसाठी, आणि ते प्रत्येकाकडे मागतो, माझ्या मेहुण्याकडेसुद्धा मागितलं होतं. तुम्ही दाखवलीत ती कबाड्याची कच्ची चिठ्ठी : ‘कॉम्प्युटर १२ नग’ आणि खाली रक्कम. सिरीयल नंबर एकही नाही. डेस्कटॉपची डिस्क साफ करणं एक, पण दुसऱ्या कंपनीचं नाव स्वतःहून सांगणारा लॅपटॉप मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचा तर आयटी कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही चोरी केलीत असं मी म्हणालो नाही, मनातही आलं नाही. पण लॉटमध्ये भाड्याचे, लीजचे, कोणा कर्मचाऱ्याने परतच न केलेले लॅपटॉप मिसळलेले असू शकतात. कबाडी काही तपासत बसत नाही.

या चार लॅपटॉपचे आम्ही एक रुपयाही घेतले नाहीत. आठ डेस्कटॉपचे दर मशीन ४५० घेतले. जेल रोडवर कमी लागत असतील, लागू देत.

आता पुढचं. ज्याच्याकडून लॉट घेतला त्याला धरा, त्याने माल कुठून उचलला ते विचारा. स्क्रीनवरचं नाव तर तुमच्याकडे आहेच. त्या कंपनीकडून लेटरहेडवर चारही सिरीयल नंबर घालून ‘विकले, आमचा हक्क नाही’ एवढं पत्र आणा आणि तिघांची नोंद काढायला सांगा. त्यांच्या आयटीवाल्याला सिरीयल नंबर मिळाला की हे काम फार मोठं नाही. कबाडी टाळाटाळ करत असेल तर चार लॅपटॉप परत करून पैसे मागा, आणि सध्या तरी जास्त दबाव याच बोलण्याचा पडेल. पुढच्या वेळी लॉट उचलण्याआधी जागेवरच प्रत्येक लॅपटॉप चालू करा, बायोस उघडून बघा, खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर आतल्याशी जुळतो का ते पाहा, आणि सगळे नंबर बिलावर लिहून घ्या. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या आधीची बहुतेक मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, तेव्हा भाव करताना तेही धरा.

पत्र आलं की चारही घेऊन या, दर तोच. ऑटोपायलटवाले तीन त्याच दिवशी देईन, बायोसवाल्याला दोन दिवस लागतील. रविवारी दुकान बंद असतं.