मुखत्यारपत्र असताना कोर्ट कशाला? फोंड्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मालमत्तेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुम्ही म्हणता, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विसर पडू लागला की मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र करावं, विषय संपला. तुमच्या आईचं सगळं चार वर्षं तसंच चाललंय, कुणी हटकलं नाही, आणि माझ्यासारखे लोक कोर्टाची भीती घालून वकिलांची दुकानं चालवतात. शिवाय स्मृतिभ्रंश झालेल्यांना मी सरसकट 'अक्षम' म्हटलं, ते तुम्हाला लागलं.

आधी मुखत्यारपत्र. ते नोटरीकडचं असो की नोंदणी केलेलं, देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर आहे तोवरच चालतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 तसं स्पष्ट सांगतं. इंग्लंडमध्ये शुद्धीत असताना पुढच्या दिवसांसाठी मुखत्यार नेमून ठेवता येतो. आपल्याकडे गरज पडते नेमक्या त्याच वेळी तो कागद मेलेला असतो.

माझ्या मामीचं सांगते. डिचोलीला मामांचं कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आहे. मामीच्याच औषधपाण्यासाठी त्यातला एक तुकडा विकायचं ठरलं. जमीन मामांना वडिलांकडून आलेली, पण आपल्या गोव्यात स्थावर विकायचं तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. नोंदणीच्या दिवशी मामीला नाव विचारलं. तिने हसून माहेरचं नाव सांगितलं आणि सहीच्या जागी तेच लिहिलं, शाळेतल्यासारखं गोल अक्षरात. लग्नाला 51 वर्षं झाली होती. मामांनी घाईघाईने तीन वर्षांपूर्वीचं मुखत्यारपत्र पुढे केलं. अधिकारी एवढंच म्हणाले, "या समोरच बसल्यात. यांना विचारू का, हे अजून मान्य आहे का म्हणून?" मामांनी कागद गोळा केले.

मग जायचं कुठे? इथे कायद्यानेच घोळ घातलाय. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती. त्याच्या जागी 2017 चा कायदा आला आणि ती सोय गेली. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांशी उपचारांबद्दल बोलू शकतो, बँकेतून रुपया काढू शकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून मिळणारं पालकत्व आहे, पण ते 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व, बहुविकलांगता. त्यात स्मृतिभ्रंश बसत नाही. उरतो 2016 च्या अपंगत्व कायद्यातला मर्यादित पालक, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरता आणि त्या माणसाच्या सहमतीने चालणारा, नाहीतर उच्च न्यायालय. कोमातल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये नेमलं होतं. मामांनी शेवटी आपल्या गोवा खंडपीठाचाच रस्ता धरला. विक्रीचे पैसे मामीच्या नावे ठेवायचे आणि हिशेब द्यायचा, या अटीवर परवानगी मिळाली. मामा पुटपुटले, "माझ्याच बायकोचा हिशेब मी देऊ?" मला मात्र ती अट आवडली. सगळेच नवरे मामांसारखे नसतात, आणि मुलगे तर त्याहून नसतात.

तुम्हाला चार वर्षं कुणी हटकलं नाही, कारण पेन्शन काढताना कुणी बघत नाही. जमीन घेणाऱ्याचा वकील बघेल.

सरसकट 'अक्षम' म्हणू नये, हे तुमचं दुसरं म्हणणं मात्र खरं आहे. त्याच करार कायद्याच्या कलम 12 मध्ये लिहिलंय की एरवी भ्रमात असलेला माणूस शुद्धीच्या वेळी करार करू शकतो, आणि उदाहरण दिलंय ते चक्क वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णाचं. 1872 सालच्या साहेबाला जे सुचलं ते मला सुचू नये! मामी सकाळी नुस्तेकान्नीशी, म्हणजे मासे विकणारीशी, बांगड्यांच्या भावावरून अजून कडाकडा भांडते. संध्याकाळी दारात उभी राहून आईची वाट बघते. लेखातली ती ओळ मी आज बदलली.

आणि एक बिनवकिलाचं काम. आईंच्या पासबुकात बघा, खातं तुम्हा दोघांच्या नावे आहे का आणि त्यावर 'आयदर ऑर सर्व्हायवर' (दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतो) लिहिलंय का. नॉमिनीवर भरवसा ठेवू नका, तो माणूस गेल्यावरच उपयोगी. खातं दोघांच्या नावे नसेल तर एखाद्या चांगल्या सकाळी त्यांना सगळं नीट समजावून सांगा, आणि त्या हो म्हणाल्या तर दहा वाजता बँकेत घेऊन जा. दुपारनंतर नको.