फॉर्मल शर्ट टोचतो तो नेमका कुठे?

जून-जुलै आला की ठाणे-नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेटच्या ऑफिसांत नवी मुलं-मुली रुजू होतात आणि घरोघरी तोच वाद सुरू होतो. "मला हे कपडे टोचतात." "सगळं जग घालतंय, तुलाच बरे टोचतात!" माझं मत सरळ आहे. टोचतंय म्हणणारा खरं बोलतोय. पण टोचणारी जागा बहुतेक वेळा इंच-दीड इंचाची असते. ती सापडली तर दात आवळून दिवस काढायला नको, आणि फॉर्मल कपड्यांच्या नावाने बोटं मोडायलाही नको.

ड्रेस कोड बघतो बाहेरून: कॉलर, इस्त्री, पँटचा फॉल. त्रास देतं ते सगळं आत असतं: लेबल, शिवण, बकरम (कॉलर ताठ ठेवणारा आतला थर), अस्तर, कंबरेची पट्टी. आतलं काहीही बदललं तरी कुठलाच नियम मोडत नाही. मग सोसायचं कशासाठी?

सुरुवात गळ्यापासून करा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. कंठमण्याच्या खाली, जिथे कॉलरची पट्टी बसते तिथे टेप फिरवा आणि त्यात एक ते दीड सेंटिमीटर मिळवा. बटण लावल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. ब्रँडेड फॉर्मल शर्टवरचा ३९, ४०, ४२ हा आकडा सहसा गळ्याचा असतो, सेंटिमीटरमध्ये. पुष्कळ लोक तो छातीचा समजून घेतात आणि तिथेच गाडी घसरते. दुसरी गोम धुण्यात. सुती कापड दोन टक्के आटलं तरी ४० च्या कॉलरचे ८ मिलिमीटर जातात. दुकानात दोन बोटं जात होती, चार धुण्यांनंतर एक जातं, आणि घरचे म्हणतात वजन वाढलं! म्हणून गळा एक नंबर मोठा घ्या आणि छाती-पोटाचा ढगळपणा टेलरकडून बाजूच्या शिवणीत आत घेऊन घ्या. शर्ट आधीच घेतलेला असेल तर वरचं बटण पट्टीच्या कडेकडे ५-६ मिलिमीटर सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि टायखाली दिसतही नाही. त्यापेक्षा जास्त सरकवलंत तर कॉलरची टोकं वरखाली होतात.

कॉलर कडक राहते ती आतल्या बकरममुळे. हल्ली ते शिवत नाहीत, गरम प्रेसने चिकटवतात. चिकटवलेलं जाड बकरम मानेभोवती वळतच नाही, त्यामुळे वरची कड दिवसभर त्याच रेषेवर घासते. सकाळी दाढी केलेल्या गळ्यावर तर विचारूच नका. शिवून घेणार असाल तर टेलरला सांगा: कॉलरला मऊ बकरम, खालच्या पट्टीला एकच थर, आणि पट्टीची आतली बाजू जुन्या धुतलेल्या सुती कापडाची. इस्त्रीवाल्यालाही बजावून ठेवा, कॉलरला स्टार्च नको.

आता लेबल. सॅटिनचं लेबल गरम पात्याने कापतात, त्यामुळे कडा वितळून करवतीच्या दात्यांसारख्या कडक होतात. कात्रीने ते शिवणीलगत कापू नका. दोन मिलिमीटरचा खुंट उरतो आणि तो आख्ख्या लेबलपेक्षा जास्त बोचतो. उसवायचं साधन घ्या, लेबलच्या बाजूने दर तिसरा टाका तोडा, लेबल अलगद ओढा, उरलेले धागे चिमट्याने काढा. कंबरेजवळचं धुण्याच्या सूचनांचं लेबल मात्र शिवणीच्या पोटात असतं. तिथे इंचभर शिवण उसवून ते बाहेर काढा आणि हातशिलाईने बंद करा. एवढं जमत नसेल तर त्यावर जुन्या मलमली ओढणीचा तुकडा टाचा. (काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, नाहीतर इस्त्री किती गरम चालते हे पुन्हा कळणार नाही.) ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्यांना पाठीवरची बॅग हेच मानेमागचं लेबल आणखी आत दाबते. घरी न टोचलेला शर्ट रबाळे स्टेशन येईपर्यंत का टोचायला लागतो, त्याचं उत्तर हे आहे.

पँटच्या मोहरीवरून, म्हणजे पायाशी दुमडलेल्या कडेवरून, एकदा आतून बोट फिरवा. पारदर्शक नायलॉनचा दोरा लागला तर तो उसवून सुती दोऱ्याची तुरपाई करा. नायलॉनचं तुटकं टोक घोट्याला सुईसारखं लागतं आणि डोळ्यांना दिसत नाही. कंबरेचं माप बसून घ्या, कारण ऑफिसात आठ तास बसायचंच असतं आणि बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. मागच्या शिवणीत दाब (आत दुमडून ठेवलेलं जादा कापड) असतो, तो सोडला की पँट इंचभर तरी सैल होते. शर्ट बाहेर येऊ नये म्हणून आत लावलेली रबरी पट्टी घामाने पुरळ आणते. ती सरळ काढून टाका. मोजे उलटे घाला, बोटांवरची शिवण बाहेर जाते.

कापडाचं गणित साधं आहे. कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा हवेतून धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्रण, इस्त्रीला सोपं, पण आपल्या दमट हवेत घाम कापडात न मुरता पाठीवरच राहतो आणि नंतर एसीत गार पडतो. लेबलवर 'कॉटन रिच' लिहिलेलं असलं तर ते मिश्रण आहे, शंभर टक्के सुती नव्हे. 'रिंकल फ्री' शर्टला बहुधा फॉर्मल्डिहाइडवर आधारित रेझिनचं फिनिश असतं. त्यामुळे तो ताठ लागतो आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते. कुठलाही नवा शर्ट घालण्याआधी दोनदा धुवा. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकरवर आहेत, तिथे पाणी जड आलं तर साबण नीट सुटत नाही आणि वाळलेला शर्ट पापडासारखा होतो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाका. वास वाळताना उडतो.

ब्लेझरबद्दल लोक उगाच लोकरीला शिव्या घालतात. लोकर टोचते ती तंतू साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाड असतील तेव्हा. जाड तंतूचं टोक वाकत नाही, त्वचेत रुततं. चांगल्या सुटिंगमधले तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतात. ज्या ठाण्यात १९२५ पासून रेमंडची लोकरीची गिरणी होती, तिथल्या लोकांना तरी हे सांगावं लागू नये! लग्नसराईत जे तयार ब्लेझर खपतात त्यांत लोकर बहुधा नसतेच. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं कापड, आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर. गुदमरायला होतं ते त्या अस्तराने. शिवताना अर्धं अस्तर मागा: पाठीला फक्त खांद्याच्या पात्यांपर्यंत, बाह्यांना व्हिस्कोसचं. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल कापला म्हणजे मोकळं वाटेल ही समजूत चुकीची आहे. खोल मुंढ्याचा कोट हात वर केला की अख्खा वर येतो आणि कॉलर मानेवर चढते.

साडीचं दुखणं वेगळं, पण उपाय त्याच जातीचा. जरीच्या काठाची बाही दंडाच्या आतल्या बाजूला ओरखडते. अस्तर टू बाय टू रुबियाचं घ्यायचं आणि बाहीच्या तोंडाशी ते जरीच्या कडेपर्यंत आणून दुमडायचं. बाहेरून काठ तसाच दिसतो, दंडाला लागतं ते सुती कापड.

नियमांची भीतीही बऱ्याचदा न वाचल्यामुळे असते. वकिलांचंच बघा. बार कौन्सिलच्या नियमात पांढरी कॉलर 'कडक किंवा मऊ', दोन्ही चालते. सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. तरी मे महिन्यात ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जाऊन बघा, काळे कोटच दिसतील. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहीम काढली: उन्हाळ्यात टाय-कोट काढा, एसी २८ अंशांवर ठेवा. आपल्याकडे ब्लेझर सहन व्हावा म्हणून एसी वीसवर नेतात, आणि कुर्त्यातल्या बायका शाल गुंडाळून बसतात. हा शिष्टाचार मला तरी कधी कळला नाही.

काहींना मात्र एवढ्यानेही भागत नाही. एरवी अंगावरचा सपाट, स्थिर स्पर्श थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. काहींचा मेंदू तो विसरतच नाही. स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींमध्ये हे बरंच आढळतं, आणि २०१३ पासून डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार-पुस्तिकेच्या निदान-निकषांत स्पर्शाबद्दलची अशी संवेदनशीलता धरलेली आहे. त्यांच्यासाठी बाह्यांचं सुती बनियन उलटं घालणं, शर्ट मऊ होईपर्यंत धूत राहणं आणि एकाच मापाचे, एकाच कापडाचे पाच शर्ट शिवणं हे चालतं. नवा कपडा आधी घरी संध्याकाळी दोन तास घालायचा: बसून, हात वर करून, बॅग लावून. मुलाखतीच्या आदल्या दिवशी खरेदी नको.

ऑफिसशी बोलायची वेळ आली तर 'फॉर्मल जमत नाही' असं मोघम म्हणू नका. 'टायऐवजी स्टँड कॉलरचा इस्त्रीचा शर्ट, बाकी सगळं नियमाप्रमाणे' असं नेमकं लिहून द्या. स्वमग्नतेचं प्रमाणपत्र असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख जरूर करा. आणि टेलरशी बोलायचं ते कापड कापायच्या आधी. चिकटलेलं बकरम नंतर सुटत नाही, अख्खी कॉलर बदलावी लागते, आणि तेवढं कापड तोवर उरलेलं नसतं.