नायट्रेट शंभरच्या वर? आधी नायट्राइट मोजा

गेल्या महिनाभरात तिघांनी मला जवळपास एकच फोटो पाठवला. पांढऱ्या कागदासमोर धरलेली टेस्ट ट्यूब, आत गडद किरमिजी पाणी आणि खाली एवढंच, "दादा, नायट्रेट शंभरच्या वर गेलंय, काय टाकू?" तिघांच्याही रीफ टाक्या, म्हणजे कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या, नव्याकोऱ्या. सायकल (अमोनियाचं नायट्राइट आणि मग त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टाकीत वसवणं) सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले, आत एकही मासा नाही. तिघांनाही मी तेच सांगितलं. काहीही टाकू नका. नायट्राइट किती आहे ते आधी कळवा.

हे विचारायचं कारण नीट समजून घ्या, कारण निम्मी घबराट इथेच संपते. आपण घरी वापरतो त्यातली बहुतेक किट्स नायट्रेट थेट मोजतच नाहीत. त्यातली पावडर पाण्यातल्या थोड्याशा नायट्रेटचं नायट्राइट करते आणि ट्यूबमध्ये जो रंग चढतो तो त्या नायट्राइटचा. रूपांतर थोडंच होतं, म्हणून रंगाच्या तक्त्यावरचे आकडे तेवढे वाढवून छापलेले असतात. सायकलच्या मधल्या टप्प्यात पाण्यात आधीच नायट्राइट भरलेलं असतं. ते सगळं त्या रंगात मिसळतं आणि तक्ता त्यालाही नायट्रेट समजून कितीतरी पटींनी फुगवून दाखवतो. शंभर दिसतंय ते खरं दहा असेल, साठही असेल. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही. तोवर आकडा वहीत लिहा, पण त्यावरून टाकीत हात घालू नका.

नायट्राइटचीही फार धास्ती नको. गोड्या पाण्यात ते माशांना घातक असतं, पण खाऱ्या पाण्यात क्लोराइड मुबलक असतं आणि कल्ल्यांमधून आत शिरताना नायट्राइटला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे आपल्याकडे त्याचं विष खूपच सौम्य पडतं. अमोनिया मात्र दोन्हीकडे वाईटच.

आता हिशोब. १ पीपीएम (लिटरला साधारण १ मिलिग्रॅम) अमोनिया पूर्ण पचला की त्याचं साधारण ३.६५ पीपीएम नायट्रेट होतं. सायकलसाठी दोन-दोन पीपीएम अमोनिया चार वेळा घातला असेल, तर शेवटी २९ च्या आसपास नायट्रेट येणारच. तो आजार नाही, बॅक्टेरिया कामाला लागल्याची पावती आहे. नायट्राइट शून्य झाल्यावरही आकडा या हिशोबाच्या फार वर असेल, तर कुठून आलं ते शोधा. सायकलसाठी टाकलेली कोलंबी आत तशीच कुजत राहिली का? रॉकवर, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र दगडांवर, काही मेलं का? आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मूळ पाण्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. म्हणजे माणसाला निर्धोक असलेलं पाणी टाकीत पहिल्याच दिवशी चाळीस घेऊन येऊ शकतं. मीठ कालवलेलं ताजं पाणी टाकीत ओतण्याआधी एकदा त्याचीच टेस्ट करा. आरओ-डीआय (पाण्यातले क्षार काढून टाकणारा फिल्टर) असेल तर त्यातून आलेल्या पाण्याला, मीठ घालण्याआधी, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर) शून्य दिसलंच पाहिजे.

हे इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या टाकीत चौथ्या आठवड्यात असाच रंग आला होता. व्हिनेगरने नायट्रेट उतरतं हे वाचलं होतं, आणि ते खरंही आहे: जुन्या, मुरलेल्या टाकीत, चांगल्या स्किमरसोबत (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), थेंबाथेंबाने. माझ्याकडे स्किमर नव्हता. संध्याकाळी अंदाजाने ओतलं. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं, मागची काच दिसेना. बॅक्टेरियाची एकदम भरती आली होती आणि रात्रीतून त्यांनी ऑक्सिजन संपवला होता. आदल्याच दिवशी पाच गोगलगायी सोडल्या होत्या. त्यातल्या तीन काचेवरून सुटून वाळूवर उताण्या पडल्या होत्या, पाय शंखाबाहेर लोंबत होता. त्या टाकीतल्या आकड्याने त्यांचं काहीच वाकडं केलं नव्हतं. माझ्या घाईने त्या गेल्या, आणि ते मला अजून सलतं.

मग करायचं काय? अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मोठा वॉटर चेंज. थोडंथोडं नको, निम्मं पाणी काढा. ८० चं ४० होईल, आणखी एकदा केलं की २०. दहा टक्क्यांचे दहा बदल केलेत तरी २८ च्या आसपासच थांबेल. आत जीव नसताना हे सगळ्यात सोपं असतं. हीटर आणि पंप आधी बंद करा, नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा जुळवून घ्या, सायफनने वाळूतला गाळ ओढून घ्या. "बॅक्टेरिया वाहून जातील" ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. ते रॉकला आणि वाळूला चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतातच.

सोबत केएच, म्हणजे पाण्याची क्षारता (डीकेएच या एककात मोजतात), तपासा. कोलंबीसारख्या कुजणाऱ्या पदार्थातून ५० पीपीएम नायट्रेट तयार होताना सुमारे २.३ डीकेएच खर्ची पडतात. कोरल आणण्याआधी ही तूट भरून काढा.

आणि कृपा करून शून्याच्या मागे लागू नका. समुद्रातल्या रीफवर नायट्रेट १ पीपीएमच्याही बरंच खाली असतं हे खरं, पण तिथे प्रवाहाबरोबर अखंड खाणं वाहून येतं. आपल्या काचेच्या पेटीत ते येत नाही. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला नायट्रोजन लागतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरवडून काढलं की मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्स येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले. ते घालवणं नायट्रेट उतरवण्यापेक्षा कितीतरी अवघड. पाच ते दहाच्या दरम्यान मी निश्चिंत असतो.

पुढे नायट्रेट आपोआप कमी व्हायला रॉकच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, वेगळे बॅक्टेरिया वसावे लागतात. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. ड्राय रॉकवर (बॅक्टेरिया नसलेल्या कोरड्या दगडांवर) सुरुवात केली असेल तर याला महिने लागतात. तोवर वॉटर चेंज, आणि जमलं तर सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) किटोचा, म्हणजे नायट्रेट शोषणाऱ्या शैवालाचा, एक गोळा.

काल त्या तिघांपैकी एकाचा मेसेज आला. नायट्राइट शून्य, नायट्रेट ३०. त्याचा ट्यूबमधला तो किरमिजी रंग फिका गुलाबी झाला होता, बाटलीतलं काहीही न ओतता. उद्या निम्मं पाणी बदलणार आहे. "क्लाउनफिशची जोडी परवा आणू का?" म्हणाला. मी सांगितलं, पाणी बदलल्यावर आठवडाभर थांब, थोडा अमोनिया घालून तो चोवीस तासांत शून्य होतोय का ते बघ, मग आण. तो थांबतोय.